न पेटलेल्या दिव्याची साक्ष

दिव्याविषयी मराठी घराची एक जुनी समजूत आहे. तेवता दिवा म्हणजे क्षेम. म्हणून दिवा 'विझला' असे अभद्र न बोलता तो 'शांत झाला' असे म्हणायचे, ही जुन्या घरांतली रीत. मोटारगाडीच्या डॅशबोर्डाने हा संकेत उलटा केला. तेथे दिवा लागणे अशुभ आणि न लागणे शुभ. इंजिनात तेलाचा दाब उतरला, बॅटरीला वीज पोचेनाशी झाली, पाणी उकळू लागले, तर लाल दिवा लागतो; सारे सुरळीत असेल तर काहीच दिसत नाही. या व्यवस्थेत एक संदिग्धता पहिल्या दिवसापासून आहे. दिवा लागला नाही, याचा अर्थ संकट नाही असा होतो आणि दिवाच मेलेला आहे असाही होतो. पाहणाऱ्याला दोन्ही वेळा एकच अंधार दिसतो. त्या अंधारावर केव्हा विसंबावे आणि केव्हा विसंबू नये, या प्रश्नाचा छोटासा इतिहास येथे मांडण्याचा आमचा विचार आहे. विषय यंत्राचा वाटला तरी तो मुळात पुराव्याचा आहे, आणि पुराव्याशी आपणा साहित्याच्या अभ्यासकांचा रोजचा संबंध येतो.

'डॅशबोर्ड' हा शब्द घोडागाडीच्या काळातला आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून समोर लावलेली फळी, एवढाच त्याचा मूळ अर्थ. घोडा गेला, इंजिन आले, फळी राहिली. आणि इंजिनाची खबर देणारी उपकरणे हळूहळू तिच्यावर बसू लागली. आरंभी त्यांची जागाही ठरलेली नव्हती. गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत लोकप्रिय झालेला बॉइस कंपनीचा 'मोटोमीटर' हा तापमापक तर थेट रेडिएटरच्या झाकणावर, गाडीच्या नाकावर बसवलेला असे आणि चालक काचेतून त्याच्याकडे पाहत असे. पुढे तेलाचा दाब, विजेचा प्रवाह, पाण्याचे तापमान दाखवणारे काटे फळीवर आले. अमेरिकेतील हडसन कंपनीने १९३०च्या दशकात यांतल्या काही काट्यांच्या जागी नुसते दिवे बसवले. काटा वाचायला थोडे ज्ञान लागते. दिव्याला लागत नाही. जाणकार चालकांनी या दिव्यांना 'इडियट लाइट' असे तुच्छतादर्शक नाव ठेवले, ते इंग्रजीत अजून टिकून आहे. अभियंत्यांच्या परिभाषेत मात्र अशा दिव्याला 'टेल-टेल' म्हणतात, म्हणजे चक्क चहाडखोर. दोन्ही नावे चपखल आहेत. पण दिव्याचा खरा दोष त्यांपैकी एकही नाव सांगत नाही.

तेलाच्या दाबाचा काटा बिघडला की तो बहुधा शून्यावर पडतो. शून्य दाब ही सर्वांत भयंकर बातमी. चालक घाबरून गाडी थांबवतो, आणि मग काट्यातच दोष होता असे कळते. म्हणजे या काट्याचा मृत्यू हीच एक धोक्याची सूचना ठरते. दिव्याचे तसे नाही. बल्ब उडाला, तार तुटली, कुणी तो काढून घेतला, तरी चालकापर्यंत बातमी पोचते ती 'सर्व क्षेम' अशीच. काट्याऐवजी दिवा आला तेव्हा वाचन सोपे झाले, हे सर्वांना दिसले. त्याबरोबर बिघाडाचा अर्थही बदलला, इकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

हा बदल अपरिहार्य होता असेही नाही. मोटारीच्या आधी रेल्वेने याच प्रश्नाचे अगदी उलटे उत्तर शोधून ठेवले होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपुरास १८६७ साली पोचली. वर्ध्याहून येणारा तो लोहमार्ग अजनीच्या अलीकडे मनीषनगरच्या कडेने जातो आणि ही वस्ती वर्धा रोडपासून तोडतो. जुन्या सेमाफोर सिग्नलचा हात ओढणारी तार तुटली, तर वजनाच्या योगाने तो हात आपोआप 'थांबा' या स्थितीत येई. रात्री सिग्नलचा दिवा बंद असेल, तर इंजिनचालकाने तो सिग्नल सर्वांत कडक आज्ञा देतो आहे असेच धरून चालायचे, हा रेल्वेचा नियम आजही आहे. सिग्नलशी जोडलेल्या फाटकाचे तत्त्वही तेच: फाटक बंद होऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही, यंत्रणेत बिघाड झाला तर गाडी खोळंबते, माणसे खोळंबतात, पण अपघात टळतो. वर्धा रोडचा दुमजली उड्डाणपूल आणि रूळ ओलांडण्याचे नवे मार्ग होण्यापूर्वी मनीषनगरच्या फाटकावर ज्यांनी अर्धा-अर्धा तास काढला, त्यांनी या तत्त्वाची किंमत स्वतः मोजली आहे. रेल्वेच्या व्याकरणात मौनाचा अर्थ 'धोका' आहे; मोटारीच्या व्याकरणात मौनाचा अर्थ 'क्षेम'. मोटार रेल्वेसारखी वागू शकत नाही, याचे कारणही स्पष्ट आहे. चालकाची नजर रस्त्यावर हवी. सतत पेटलेल्या दहा दिव्यांतून एखादा विझला का, हे तो पाहत बसू शकत नाही. मोटारीने मौन पत्करले ते सोयीसाठी. मग त्या मौनाला विश्वासार्ह करण्याची जबाबदारीही तिच्यावर आली.

ती तिने कशी पार पाडली हे पाहण्याआधी आपल्या दर्शनपरंपरेकडे वळणे उपयोगी ठरेल, कारण हा पेच तेथे फार बारकाईने सोडवलेला आहे. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कशाने कळते? कुमारिल भट्टाच्या परंपरेतील मीमांसकांनी यासाठी 'अनुपलब्धी' हे सहावे स्वतंत्र प्रमाण मानले. अद्वैत वेदान्त्यांनीही ते स्वीकारले. नैयायिकांनी ते वेगळे मानले नाही, अभावाचे ज्ञान प्रत्यक्षानेच होते असे म्हटले. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने त्याची व्यवस्था अनुमानात लावली. वाद मोठा आहे. पण एका अटीवर या परंपरांचे लक्ष सारखेच आहे. काळोख्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून तेथे घट नाही असे म्हणता येत नाही. घट असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिती आधी हवी: उजेड हवा, डोळे उघडे हवेत, वस्तू दिसण्याजोगी हवी. ही अट पुरी झाली तरच न दिसणे हे 'योग्य अनुपलब्धी' होते आणि अभावाचे प्रमाण ठरते. एरवी ते निव्वळ न दिसणे असते.

डॅशबोर्डाच्या अभियंत्यांनी कुमारिल वाचला नसणार. पण किल्ली पहिल्या खटक्यावर फिरवली की इंजिन सुरू होण्यापूर्वी सारे लाल-पिवळे दिवे क्षणभर उजळतात, ती त्याच अटीची पूर्तता आहे. गाडी आपल्याला दाखवते की हे दिवे लागू शकतात. आता ते लागले नाहीत तर त्यांच्या न लागण्याला अर्थ आहे. तो क्षण आपल्यापैकी बहुतेक जण न पाहताच किल्ली पुढे फिरवतात.

येथे एक बारकावा आहे. सगळ्या दिव्यांची ही कसोटी सारख्या मोलाची नसते. तेलाच्या दिव्याचे परिपथ सर्वांत प्रामाणिक. बॅटरीतून निघालेली वीज किल्ली, फ्यूज आणि बल्ब ओलांडून एका तारेने इंजिनावरच्या छोट्या स्विचपर्यंत जाते. तेलाला दाब नसताना हा स्विच जोडलेला असतो आणि वीज इंजिनाच्या धातूतून परत जाते, म्हणून दिवा लागतो; दाब आला की स्विच उघडतो, दिवा मालवतो. इंजिन बंद असताना दाब नसतोच. म्हणून किल्ली फिरवल्यावर लागणारा हा दिवा बल्ब, तार आणि स्विच अशा सगळ्या साखळीची ग्वाही देतो. तापमानाच्या दिव्याचे तसे नाही. थंड इंजिनात त्याचा स्विच उघडाच असतो. म्हणून काही जुन्या गाड्यांत किल्लीतून वेगळी जोडणी देऊन तो दिवा क्षणभर लावून दाखवतात. त्यातून बल्ब जिवंत आहे एवढेच सिद्ध होते. इंजिनापर्यंतची तार शाबूत आहे की नाही, हे नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे नेणाऱ्या आमच्या शहरात हा फरक पुस्तकी नाही. ब्रेकच्या दिव्याची कसोटी अनेक गाड्यांत हँडब्रेकवर सोपवलेली असते: तो ओढला की तोच दिवा लागतो. आणि बॅटरीच्या दिव्याची तऱ्हा सर्वांहून वेगळी. अल्टरनेटर असलेल्या पुष्कळ गाड्यांत वीजनिर्मिती सुरू होण्यासाठी लागणारा पहिला अल्प प्रवाह या दिव्यातूनच जातो. बल्ब उडाला तर अल्टरनेटर वीज करायला सुरुवातच करीत नाही, किंवा फार उशिरा करतो. म्हणजे येथे वार्ताहर केवळ वार्ता देत नाही. तो गेल्याने घटनाही बिघडते आणि तिची बातमीही नाहीशी होते.

मनीषनगरात आमच्यापैकी एकाने काही वर्षांपूर्वी जुनी छोटी गाडी विकत घेतली होती. किल्ली फिरवली की इतर दिवे लागत, तेलाचा लागत नसे. विकणाऱ्याने "याच्यात तो दिवा असाच आहे" असे सांगून वेळ मारून नेली होती. रस्त्याकाठच्या एका गॅरेजमधल्या वयस्क मिस्त्रींनी ती गाडी तपासली, ती पद्धत एखाद्या संशोधकाने आदर्श मानावी अशी होती. इतर दिवे लागत आहेत, अर्थात फ्यूज आणि किल्ली यांच्यात दोष नाही. मग त्यांनी इंजिनावरच्या स्विचची तार काढून तिचे टोक उघड्या धातूला टेकवले. दिवा लागला असता तर दोष स्विचचा ठरला असता. लागला नाही, म्हणजे दोष तारेत किंवा बल्बात. नंतर तार निर्दोष असल्याची टेस्ट लॅम्पने खात्री केली आणि मगच मीटरचा पूर्ण संच बाहेर काढला. तेलाच्या दिव्याच्या खाचेत बल्ब नव्हताच. उडालेला नव्हे, काढून घेतलेला. नवा बल्ब बसवल्यावर दिवा लागला, इंजिन सुरू होताच मालवला, आणि गाडी तापल्यावर मंद गतीत लुकलुकू लागला. स्विचच्या जागी दाबमापक लावून पाहिला, तेव्हा दाब खरोखरच उतरलेला निघाला. झिजलेल्या इंजिनाची साक्ष देणारा साक्षीदारच कुणीतरी हटवला होता. मिस्त्री एवढेच म्हणाले, "लाइट नाही लागत म्हणजे गाडी चांगली, असं नसते न सर. पहिले लाइट जिता आहे का, ते पाहा लागते."

या तपासणीचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. प्रत्येक पायरीवर एकच शक्यता बाद होते आणि ती बाद झाल्याशिवाय पुढची पायरी येत नाही. सोपे आणि स्वस्त ते आधी, खोलवरचे नंतर. आणि दिवा लागेनासा का झाला, याचे उत्तर मिळाल्यावरही काम संपत नाही. दिवा लागल्यावर तो काय सांगतो, ते मग ऐकायचे असते.

न लागलेल्या दिव्याने केवढा अनर्थ होऊ शकतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आकाशातले आहे. २९ डिसेंबर १९७२च्या रात्री ईस्टर्न एअर लाइन्सचे ४०१ क्रमांकाचे ट्रायस्टार विमान न्यूयॉर्कहून मायामीला उतरत होते. पुढचे चाक खाली येऊन पक्के बसले, हे सांगणारा हिरवा दिवा लागला नाही. चालकांनी उतरणे थांबवले, दोन हजार फुटांवर घिरट्या घेण्यास सुरुवात केली आणि त्या दिव्याच्या शोधात ते गुंतले. या गडबडीत उंची स्थिर राखणारी स्वयंचलित यंत्रणा नकळत सुटली. उंची घटल्याची सूचना देणारा ध्वनी झाला, तो कुणाच्या लक्षात आला नाही. विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले आणि विमानातल्या १७६ जणांपैकी १०१ जण दगावले. चौकशीत निष्पन्न झाले की चाक नीट खाली आलेले होते. दिव्यातले दोन्ही बल्ब जळालेले होते. येथे दिव्याचा संकेत मोटारीच्या उलट, रेल्वेसारखा होता: दिवा नाही म्हणजे धोका. तो सुरक्षित संकेतही माणसांचे लक्ष एका बल्बावर खिळवून ठेवण्यास पुरेसा ठरला. मौनाचा कोणताही अर्थ ठरवा, त्याची वेगळी किंमत द्यावीच लागते, असे यावरून दिसते.

दुसरे उदाहरण अणुवीज केंद्राचे. २८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड येथे दाब कमी करणारी एक झडप उघडली ती पुन्हा बंदच झाली नाही. नियंत्रणकक्षातला तिचा दिवा मात्र मालवला, आणि कर्मचाऱ्यांनी त्यावरून झडप बंद झाली असे मानले. तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. झडपेला उघडे ठेवणारी वीज चालू आहे की नाही, एवढेच तो दाखवत होता. वीज थांबली, म्हणून दिवा मालवला; झडप अडकून उघडीच राहिली. दोन तासांहून अधिक काळ पाणी निसटत गेले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. येथे दिवा मेलेला नव्हता, खोटेही बोलत नव्हता. त्याला विचारलेला प्रश्न आणि वाचणाऱ्याने धरलेला प्रश्न, हे दोन निरनिराळे होते.

हे दुसरे उदाहरण आजच्या मोटारीला अधिक लागू पडते. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या मोटारींमध्ये चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली; १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे उत्सर्जनाचे निकष लागू झाले. इंजिनाचा संगणक स्वतःच्या दोषांची नोंद ठेवून पिवळ्या दिव्याने ते कळवतो. बल्बाच्या जागी एलईडी आणि पडदे आले. ते सहसा उडत नाहीत. पण किल्ली फिरवताच पडद्यावर होणारी दिव्यांची आरास ही बहुतांशी संगणकाने केलेली असते. ती पडद्याची ग्वाही देते, संवेदकाची नव्हे. संगणक आपल्या तारा स्वतः तपासतो हे खरे, म्हणून त्याच्या मौनाला पूर्वीपेक्षा अधिक मोल आहे. तरी ते त्याने जेवढे तपासले तेवढ्यापुरतेच. जुन्या गाड्यांच्या बाजारात तर मिस्त्रींनी पाहिलेल्या युक्तीची पुढची पिढीही आढळते. अपघातात उघडलेली एअरबॅग पुन्हा न बसवता तिच्या दिव्याची तार दुसऱ्या दिव्याला जोडून देतात, म्हणजे किल्लीबरोबर तो लागतो आणि मालवतोही. ओळखण्याची खूण साधी आहे. एअरबॅगचा दिवा आपल्या ठरलेल्या काही सेकंदांनी मालवतो, मग इंजिन सुरू करा वा न करा. इंजिन सुरू होताच नेमका तेलाच्या किंवा बॅटरीच्या दिव्याबरोबर तो मालवत असेल, तर त्याची साक्ष पढवलेली आहे असे समजून अधिक तपास करावा. येथे चूक झाली तर तिची किंमत पैशांत मोजता येणारी नाही.

साहित्येतिहासातही असे काढलेले आणि तुटलेले दिवे पुष्कळ आहेत. आमच्या विदर्भातले उदाहरण पुरेसे बोलके आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे केंद्र होते. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या लिपीचा उलगडा करेपर्यंत मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या गद्याची जागा रिकामी होती. त्या रिकामेपणाचा अर्थ प्राचीन मराठीत विस्तृत गद्य नव्हते, असा लावणे सोपे होते. गद्य होते, तार मध्येच तुटलेली होती. ज्या रिद्धपुराचे मौन शतके टिकले, तेथेच २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे, ही गोष्ट म्हणूनच आम्हाला महत्त्वाची वाटते.

आपले विद्यार्थी प्रबंधात लिहितात, "या कालखंडात स्त्रियांचे लेखन आढळत नाही", "या जातींची आत्मकथने आढळत नाहीत". वाक्य बहुधा खरे असते. प्रश्न त्यावरून काढलेल्या निष्कर्षाचा असतो. त्या काळात असे लेखन झाले असते, तर ते आपल्यापर्यंत पोचले असते काय? ते लिहून घेणारे, जपणारे, छापणारे, ग्रंथालयात ठेवणारे कोण होते? ही साखळी शाबूत होती असे दाखवता आले तर 'आढळत नाही' हा पुरावा होतो. न आले तर तो केवळ शोधाचा आरंभ असतो. कुमारिलाच्या परंपरेने घातलेली अट आणि मिस्त्रींनी उघड्या धातूला टेकवलेली तार, दोन्ही हेच विचारतात. प्रबंध तपासताना निदान एवढा प्रश्न समासात लिहायला आम्ही सुरुवात केली आहे.